कोण म्हणे?

बातमीचं खरं नाव शाळेच्या पटावर होतं, ते तिथेच राहिलं. बाकी सगळ्या गल्लीत ती बातमी. तिच्या बाबांचं सलून होतं, आणि सलूनमध्ये केसांपेक्षा बातम्याच जास्त गळतात हे काय कुणाला सांगायला हवं? नीट बोलताही येत नव्हतं तेव्हापासून ही गिऱ्हाइकांच्या पायांतून धावत ओरडायची, "सरकार पडणार म्हणे! सरकार पडणार म्हणे!" कुठलं सरकार, कशापायी पडणार, काही पत्ता नाही. गिऱ्हाइकं हसायची आणि बाबा वस्तरा वर धरून ओरडायचे, "अहो हलू नका, कान जाईल!"

त्या सलूनमध्ये 'म्हणे' लावल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. तेल महागणार म्हणे. अमक्या देशाचा अध्यक्ष आजारी आहे म्हणे. मंत्र्याचा जावई पळून गेला म्हणे. कोण म्हणे, हे कुणी विचारत नसे, आणि विचारणार तरी कसं? आपलं डोकं दुसऱ्याच्या हातात असताना माणूस वाद घालत नाही. बाबा तर या विद्येत सगळ्यांचे गुरू. स्वतःचं मत म्हणून त्यांनी कधी काही सांगितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आई इस्पितळातल्या धुलाईखान्यात कामाला होती. ती म्हणायची, "तुझ्या बाबांचं स्वतःचं मत ऐकायला मी लग्नापासून थांबलेय."

अशी ही पोरगी शाळेत तत्काळ भाषणाच्या संघात गेली. खेळ साधा, पण घाम काढणारा. चिठ्ठी उचलायची. तिच्यावर देशाच्या राजकारणातला नाहीतर जगातल्या घडामोडींवरचा एक प्रश्न असतो. तयारीला अर्धा तास. फोन बाहेर ठेवायचा, आत फक्त संघाची कात्रणांची पेटी. मग सात मिनिटं, हातात कागद न घेता, उभं राहून बोलायचं. आणि जे बोलाल ते कुणी म्हटलं, कुठे म्हटलं, कधी म्हटलं, हे तिथल्या तिथे सांगायचं.

पहिल्याच दिवशी बातमी ऐटीत उभी राहिली. "निवडणुका लांबणार म्हणे..."

"कोण म्हणे?" संघाच्या बाई म्हणाल्या.

"लोक म्हणतात, बाई."

"बरं. लोकांचा पत्ता दे."

वर्ग खो खो हसला. बातमीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. "बस खाली," बाई म्हणाल्या, "आणि पुन्हा उभी राहशील तेव्हा तो शब्द घरी ठेवून ये."

आता दुसरी एखादी असती तर रडली असती, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून तिने चित्रकलेच्या वर्गाची वाट धरली असती. ही तसली नव्हे. हिने कानाला खडा लावला आणि दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये मोहीमच उघडली. समोरचे फोटोवाले काका खुर्चीत बसून म्हणाले, "धरण फुटणार म्हणे," की ही कोपऱ्यातून, "कोण म्हणे, काका?" काकांचं तोंड बंद. आठवडाभरात सलूनमध्ये नुसता कात्रीचा आवाज.

"अगं बये, गिऱ्हाइकं पळवतेस का माझी?" बाबा कळवळले. "गप्प बसून कोण केस कापून घेतं?"

पहिली दोन वर्षं बातमी संघात राखीव होती. राखीव माणसाचं काम बोलायचं नाही, कापायचं. रोज वर्तमानपत्रं चाळायची, कात्रणं कापायची आणि पेटीत विषयवार लावायची. त्यासाठी बाबांनी तिला एक जुनी कात्री दिली होती. चांगल्या कात्रीला हात लावायची सोय नव्हती. केसांच्या कात्रीने कागद कापला की कात्री मेली, हा त्यांच्या धंद्यातला कायदा. पण कापायचं कसं ते त्यांनी हौसेने शिकवलं. कडा साफ, कोपरे काटकोनात, इकडे तिकडे एक केस म्हणून सुटायला नको. बातमीची कात्रणं कशी देखणी! आणि देखणेपणाच्या नादात पानावरची तारखेची पट्टी केराच्या टोपलीत.

"हे काय केलंस?" बाई एकदा कपाळाला हात लावून म्हणाल्या. "तारखेशिवाय कात्रण म्हणजे नुसतं म्हणे!"

तेव्हापासून नियम ठरला. आधी मागे तारीख लिहायची, मग कात्री लावायची.

तिसरं वर्ष शाळेचं शेवटचं. या वर्षी बातमीला बोलायला मिळालं. विभागाच्या स्पर्धेत शाळेतून दोघं, ती आणि वकील. वकील म्हणजे तिच्या वर्गातला मुलगा. बापजन्मात कोर्टाची पायरी चढला नसेल, पण बोलायला लागला की समोरच्याला वाटावं, आपलाच गुन्हा असणार. विभागातून एकच जण राजधानीतल्या देशपातळीच्या स्पर्धेला जाणार होता. बातमीला जायचं होतं. इतकं जायचं होतं की जेवताना ती भिंतीकडे बघून हातवारे करायची.

पण नुसतं जिंकून भागणार नव्हतं. तिने घरी विषय काढला तेव्हा बाबा वस्तरा पुसत राहिले.

"मुलीला इतक्या लांब पाठवू नये म्हणे."

"कोण म्हणे, बाबा?"

"म्हणजे... बोलतात सगळे."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? आधी निवड तर होऊ दे." आणि ते फवारा भरायला आत गेले. तिला फार राग आला. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. भांडायला समोर माणूस तर हवा ना?

स्पर्धेच्या आदल्या रविवारी सलूनमध्ये झुंबड उडाली होती. बाबांना टॉवेल देता देता, मधेच रेडिओ ऐकता ऐकता, बातमीने दोन वर्तमानपत्रांतली दोन कात्रणं कापली. वर्तमानपत्रंही सबंध आठवड्याच्या गठ्ठ्यातली, वेगवेगळ्या दिवसांची. नदीच्या दोन काठांवरच्या दोन देशांत लढाई चालली होती आणि शस्त्रविराम झाल्याची निवेदनं आली होती, त्यांची ही कात्रणं. छान साफ कापून तिने ती पेटीत ठेवली.

स्पर्धेच्या दिवशी तिने चिठ्ठी उघडली. 'नदीकाठचा शस्त्रविराम टिकेल का?'

उडी मारावीशी वाटली. यावर तिच्याकडे सगळं होतं! तिने पेटीतून दोन्ही कात्रणं काढली, उलटी केली, आणि तोंडचं पाणी पळालं. मागे कोरं. तारखा नाहीत.

आणि नेमकी तारीखच तर हवी होती. ज्या आठवड्याचा तो गठ्ठा, त्याच आठवड्यात बुधवारी पुन्हा गोळीबार झाला होता, ते पेटीतल्या तिसऱ्याच एका कात्रणावर तारखेसकट होतं. निवेदनं बुधवारनंतरची असतील, तर दोन्ही बाजूंना शहाणपण सुचलं म्हणायचं. आधीची असतील, तर शस्त्रविराम जन्मताच मोडला. सगळं उत्तर त्या केराच्या टोपलीत गेलेल्या पट्टीवर उभं होतं. तिने डोळे मिटून आठवून पाहिलं. आठवली ती फक्त रविवारची गर्दी आणि फोटोवाल्या काकांचं फेसाने माखलेलं तोंड.

वकील शेजारच्या बाकावर आपलं भाषण जुळवत होता. तिचा चेहरा बघून त्याने ओळखलं.

"घाल गुरुवार," तो कुजबुजला. मुलगा वाईट नव्हता, मदतच करत होता. "ठणकावून सांगितलं की खरं वाटतं. कोण तपासणार आहे?"

कोणी नाही, हे तिलाही ठाऊक होतं. 'गुरुवार' म्हटलं की भाषण कसं घरंगळत शेवटापर्यंत जाणार होतं. तिने कच्च्या कागदावर 'गुरु' एवढं लिहिलंसुद्धा. मग पेन थांबलं. ती स्वतःवरच चिडली. तीन वर्षं सगळ्या सलूनचं डोकं खाल्लंस, कोण म्हणे, कोण म्हणे, आणि आता? गुरुवार, कोण म्हणे? बातमी म्हणे! तिने 'गुरु' खोडलं, इतक्या जोरात की कागद फाटला.

मग तारीख नाही, तर आहे काय? आहेत ती कात्रणं. तिने दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचली, एकेक शब्द बोट ठेवून. आणि तिसऱ्या वाचनात ती ताठ बसली.

स्टेजवर गेली तेव्हा आवाज सलूनमधलाच होता, पंख्यांच्या आणि रेडिओच्या वर चढणारा. तिने गोळीबाराची बातमी सांगितली, वर्तमानपत्र आणि तारीख सांगितली. मग म्हणाली, "दोन्ही सरकारांची निवेदनं मी कापून ठेवली होती. तारखा माझ्या कात्रीत गेल्या. चूक माझी. त्यामुळे निवेदन आधी की गोळीबार आधी, हे मी सांगणार नाही. मला माहीत नाही."

सभागृहात चुळबुळ झाली. मागे बाईंनी डोळे मिटून घेतले.

"पण त्यांत लिहिलंय काय, ते सांगते. या काठचं सरकार म्हणतं, 'पलीकडच्यांनी गोळीबार थांबवल्याचे समजते.' त्या काठचं सरकार म्हणतं, 'पलीकडच्यांनी गोळीबार थांबवल्याचे समजते.' माझ्या बाबांचं सलून आहे. तिथे 'समजते' असं कुणी म्हणत नाही, तिथे 'म्हणे' म्हणतात. तो थांबला म्हणे. आणि हा? हासुद्धा थांबला म्हणे! 'आम्ही थांबलो' हे वाक्य दोन्ही कागदांवर कुठेच नाही. म्हणे म्हटलं की बोलणारा मोकळा. उद्या गोळी सुटली तर कुणीच शब्द मोडला नाही, कारण शब्द कुणी दिलाच नव्हता. हा शस्त्रविराम टिकणार नाही. टिकेल त्या दिवशी, ज्या दिवशी दोघांपैकी एक जण उभा राहून म्हणेल, मी म्हणतो."

परीक्षकांत एक जुने वार्ताहर होते, चष्मा कपाळावर. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तारीख असती तर तुमचं उत्तर बदललं असतं?"

"नाही, सर," बातमी म्हणाली. मग थांबली. "पण मार्क वाढले असते."

ते हसले. पहिली म्हणून तिचं नाव पुकारलं तेव्हा वकिलाने आधी टाळी वाजवली, मग तिला म्हणाला, "माझा गुरुवार वाया घालवलास." बाईंनी तिच्या पाठीवर असा धपाटा घातला की ती दोन पावलं पुढे गेली.

ती पळतच सलूनवर आली, तर बातमी तिच्या आधी पोचलेली. फोटोवाले काका खुर्चीत, गळ्याभोवती कापड, अर्धं डोकं झालेलं. बाकावर तिघंचौघं वाट बघत बसलेले.

"पोरगी पहिली आली म्हणे!" काका आरशातूनच म्हणाले.

"आले," बातमी दारातूनच म्हणाली. तिचं लक्ष बाबांकडे होतं. ते काकांच्या कानामागे कात्री चालवत होते, मान खाली. तिला धाप लागली होती आणि स्टेजवर वाटली नव्हती इतकी भीती आता वाटत होती.

"कौतुक आहे हो," काका पुढे म्हणाले. "पण राजधानीला वगैरे... मुलीला इतक्या लांब पाठवू नये म्हणे."

कात्री थांबली. बाबांनी कंगवा काकांच्या डोक्यावरच ठेवून दिला.

"कोण म्हणे?"

काका आरशात बाबांकडे बघत राहिले. बाबांनाही आपल्या तोंडून काय गेलं ते जरा उशिरा कळलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

"म्हणजे, सगळेच..." काका चाचरले.

"सगळ्यांचं सोडा. मी म्हणतो, ती जाणार." बाबांनी कात्री पुन्हा हातात घेतली आणि ती दाराकडे रोखली. "ए बातमी, दारात काय उभी राहिलीस? आत ये, लिहून घे. मी म्हणतो. आणि तारीख घाल खाली."