नवसाची वेणी

विजयमालेच्या कृष्णातचं मिशीशी हाडवैर होतं. अडीच वर्षांचं ते कार्टं म्हशीच्या पोटाखालून बिनधास्त रांगत जायचं, कोंबड्याच्या शेपटीला लोंबकळायचं. पण दारात मिशीवाला गडी दिसला, की सगळी आळी गोळा होईल असा टाहो फोडायचं. सख्ख्या मामालाही त्यानं सोडलं नव्हतं. आणि सगळं घर ज्याच्या वाटेकडं डोळे लावून बसलं होतं, त्या नाथाजीच्या मिशा तर पलूसच्या बाजारात लांबून ओळखू यायच्या.

नाथाजी पलटणीतून सुटून घरी येत होता. पोर पोटात असताना लढाईवर गेलेला गडी, त्यानं लेकाचं तोंडही पाहिलं नव्हतं. इतक्या लांबून आलेल्या बापाला बघून पोरगं किंचाळलं तर त्याला काय वाटेल, या विचारानं विजयमालेला घास गोड लागत नव्हता. म्हणून दळताना, धुताना, पोरामागं वाटी घेऊन पळताना तिचा एकच पाठ चालायचा.

"तू कुणाचा रं?"

"म्हस!" कृष्णात ठासून सांगायचा.

"आबाचा म्हण की, लबाडा!"

"म्हस!"

"खरंच सांगतंय गं, दूध तीच देतीया," म्हणत सासू हरणाबाई पदराआड हसायची.

या हरणाबाईनं म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलला होता, की लेक धडधाकट परत आल्यावरच नातवाचं जावळ काढीन. लढाई संपली तरी पलटणी सुटेनात आणि इकडं जावळ वाढतच चाललं. केस डोळ्यांत जायला लागले तशी विजयमालेनं त्यांची वेणी घातली, वर तांबडी रिबीन बांधली. पोर इतकं देखणं दिसायला लागलं, की तिचीच दृष्ट लागायची.

त्या सकाळी कृष्णातनं शेणाच्या पाटीत बैठक मारली. अंगावरचा सदरा धुऊन दोरीवर गेला आणि नणंदेच्या पोरीचा जुना परकर त्याच्या कमरेला आला. सासू रानात होती. विजयमाला भाकरी थापत होती, तेवढ्यात अंगणात बूट वाजले.

तिनं दाराआडून पाहिलं आणि परातीतला हात परातीतच राहिला. उद्या यायचं माणूस आजच आलं होतं! मिशांकडं बघून कृष्णातचा आ वासला. धावत जावं असं तिला वाटलं. पण ती गेली असती तर पोरानं तिलाच चिकटून भोकाड पसरलं असतं. ती दाराआडच थांबली.

नाथाजीनं परकर पाहिला, वेणी पाहिली. शेजारच्या कुणाची तरी लेक असणार! तो अदबीनं लांबच बसला.

"कुणाची गं पोरी तू?"

वासलेलं तोंड तसंच ठेवून कृष्णातनं गोठ्याकडं बोट केलं. "म्हस."

"आसं व्हय? मग मोठ्या घरची हायस की!"

नाथाजीनं पिशवीतून लष्करी बिस्कीट काढून मधोमध ठेवलं आणि मुद्दाम दुसरीकडं बघत बसला. परक्याच्या पोरीला कोण ओढून घेतंय? कृष्णात सरकत सरकत आला. बिस्कीट संपवून दुसऱ्यासाठी मांडीला टेकला, आणि बघता बघता त्यानं मिशीच धरून ओढली. आत विजयमालेनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिला हसू आणि रडू एकदमच आलं होतं.

"आमचा कृष्णात कुटं हाय गं? खेळतो का न्हाई तुझ्यासंगं?"

आता मात्र तिला राहवेना. ती दारात आली. "आवं, तुमच्या मिशीला लोंबकळतोय की त्यो!"

 नाथाजीनं पोराला गपकन छातीशी आवळलं. झालं! कृष्णातनं असा टाहो फोडला, की म्हैस दावं ओढायला लागली.

लढाईत न घाबरलेला गडी पार कावराबावरा झाला. त्यानं लेकाला हळूच खाली ठेवलं, पुन्हा लांब सरकला आणि तोंड फिरवून बसला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "कुणाची गं पोरी तू?"

कृष्णातनं हुंदका गिळला. म्हशीकडं पाहिलं, आयकडं पाहिलं. मग परकर सावरत येऊन त्याच्या मांडीत बसला.

"आबा," म्हणाला आणि पिशवीत हात घातला.

"बिस्किटावर फितूर झालं बघा! आयचा न्हाईस व्हय रं?" विजयमालेनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले. आत भाकरी करपत होती. "आत्याबाईंचा नवस हाय. उद्या म्हसवडला जाऊन जावळ काढू."

मांडीतलं पोर बिथरू नये म्हणून नाथाजी जरासुद्धा हलला नाही.

"चार दिस ऱ्हाऊ दे गं वेणी," तो हळू आवाजात म्हणाला. "आमची आत्ता कुटं वळख झालीया."