थोरलीतनं धाकटीत

माझं वाटोळं आकारामआबांनी केलं. घरातले सगळे दुकानातल्या पोराचं नाव घेतात, पण ते खोटं आहे. पोरानं बटण दाबलं, एवढंच. करणारे आबाच.

मी हार्ड डिस्क बोलतेय. उचगावात, जेवणाच्या डब्याएवढ्या एका कॉम्प्युटरच्या पोटात मी राहत होते. तुम्ही स्क्रीनवर जे जे सेव्ह करता, ते माझ्या चकत्यांवर लिहिलं जातं. आता मी पोटात नाही. खिडकीत पडून आहे, फिनेलच्या बाटलीशेजारी.

तुम्ही म्हणाल, सगळं पुसलं गेलं तर ही बोलते कशी? माझ्यावर लिहिलेलं गेलं. माझ्यादेखत बोललेलं राहिलं.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं आहे. आजवर कुणी वाचलं नाही. मला कळायला लागलं तेव्हा मी शाहूपुरीतल्या एका वधूवर सूचक केंद्रात होते. तिथं बाप बोलायचे आणि एक मुलगी टाइप करायची. पोरगं पाच फूट चार असलं तर बाप पाच फूट सात लिहायला लावायचा. 'मुलीच्या अपेक्षा' असा एक रकाना होता. मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असायची, आणि तिच्या अपेक्षा बाप सांगायचा. मोठ्यांनी बोलायचं आणि लहानांच्या नावावर चढवायचं, हे माणसांचं वळण मी तिथंच बघितलं.

केंद्र बंद पडलं. विकायच्या आधी मला पुसलं. ते पुसणं मला लागलं नाही. खोटंच होतं, गेलं.

मग उचगावच्या प्रसेनजीतनं तो कॉम्प्युटरचा डबा माझ्यासकट विकत घेतला. डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून घरी बसलेलं पोरगं. घरी बसलेलं हा शब्द घरच्यांचा. ते बसायचं खरं, पण माझ्यासमोर. आपलं आपण शिकून पॅटर्नची डिझाइनं करायचं. शिरोली एमआयडीसीत फौंड्र्या आहेत. तिथं लोखंडाचा रस ओतायच्या आधी वाळूत जो आकार उठवावा लागतो, तो ज्याच्यानं उठवतात तो पॅटर्न. कोपरा किती गोल ठेवायचा, रस थंड झाल्यावर किती आकसणार, हे सगळं आधी धरावं लागतं. कॉलेजात मास्तर पुस्तक वाचून दाखवायचे आणि पोरं वहीत उतरवायची. ह्यानं विचारलं, "सर, तुम्ही कधी पॅटर्न बघितलाय का?" त्या दिवसापासून त्याचं आणि कॉलेजचं बिनसलं.

तीन वर्षं त्यानं माझ्यावर काम केलं. पंपाची बाहेरची कवचं, गिअरबॉक्सची झाकणं, व्हॉल्व्ह. एकेक चित्र चार चार वेळा मोडून पुन्हा करायचा. मी फिरत राहायचे.

आकारामआबा हे त्याचे थोरले चुलते. जन्म फौंड्रीत गेला, सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. घरात त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नाही. प्रसेनजीतचा बाप, भाऊसो, तर स्वतःचं मत असं कधी बोललाच नाही. "आबा म्हणतील तसं," हे त्याचं मत.

आबा डब्याकडं बघून म्हणायचे, "आमी चार-चार मैल चालून शाळंला गेलो. आन् ह्यो दारात कॉलेज असून सोडून बसलाय."

चालत गेले ते खरं आहे. त्यांनी सोसलं तेही खरं. पण सोसल्यानं माणूस आपोआप शहाणा होत नाही, एवढं त्यांना कधी कुणी सांगितलं नाही.

मधे शिरोलीतल्या एका पॅटर्न शॉपच्या अनुजा मॅडमनी प्रसेनजीतला नोकरीसाठी बोलावलं. त्यांनी त्याचं एक काम कुणाकडं तरी बघितलं होतं. घरी येऊन त्यानं आईला, मीनाबाईला, सांगितलं. मी ऐकलं.

"मॅडम म्हणल्या, सर्टिफिकेट न्हाय तर नसू दे. काम दाखव. सोमवारी तुझं मशिनच घेऊन ये."

"मग मिळंल की रं," मीनाबाई म्हणाली.

"दाखवलं तर मिळंल."

म्हणजे त्याचं सर्टिफिकेट मी होते. आणि नेमकी मीच थकले होते. आतून कट्-कट् असा आवाज यायचा, फाइल उघडायला वेळ लागायचा. त्याला कळलं. माझ्यापेक्षा दुप्पट जागेची एक नवी डिस्क त्यानं आणली. माझ्यातलं सगळं जसंच्या तसं तिच्यात उतरवायचं, त्याला क्लोन म्हणतात, आणि मग मला काढून तिला बसवायचं. दुसरी प्रत का ठेवली नव्हती, असं आता सगळे विचारतात. दुसरी प्रत करायलाच तर ती आणली होती.

शनिवारी सकाळी तो दोघींना जोडायची केबल आणायला बाहेर पडला. तेवढ्यात आबा आले. डबा आणि नवी डिस्क पिशवीत घातली.

"आबा, त्याला ईऊ द्या की," मीनाबाई म्हणाली.

"त्याला काय कळतंय? माज्या वळकीचा मानूस हाय, तासात करून देतोय. आयतं झालं तर पोराचंच बरं न्हवं?"

भाऊसो पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं.

राजारामपुरीतल्या एका दुकानात आम्हा दोघींना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. नवी अगदी चकचकीत होती. तिच्यात काही नव्हतं, आणि ते सांगायला तिला तोंडही नव्हतं. दुकानात पृथ्वीराज नावाचा पोरगा होता. त्यानं वायरी जोडल्या. तोवर आबांचा फोन वाजला. प्रसेनजीत होता.

"आबा, हात लावू नका. मी येतोय."

"आरं झालंच म्हन. तू कशाला पेट्रोल जाळतोस?"

"मग त्या माणसाला फोन द्या."

"मला सांग. मी सांगतो त्याला."

"आबा, फोन द्या त्याला."

"मला मराठी कळत न्हाय व्हय रं?"

प्रसेनजीत म्हणाला, "जुन्यातलं नव्यात. एवढंच सांगा. दुसरा एक शब्द घालू नका."

आबांनी फोन खिशात टाकला आणि दुसराच शब्द घातला. फौंड्रीत भट्टीतला रस आधी थोरल्या लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घेतात, मग थोरल्यातनं धाकट्यात, मग साच्यात. सबंध नोकरीभर ते हेच ओरडत आले होते. पृथ्वीराजनं विचारलं, "कुठल्यातनं कुठं घ्यायचं?" आबा म्हणाले,

"थोरलीतनं धाकटीत वत."

त्यांच्या डोक्यात थोरली म्हणजे मी. वयानं थोरली. पण स्क्रीनवर वय लिहिलेलं नसतं, आकार असतो. ती एक टीबीची, मी पाचशे जीबीची. पृथ्वीराजला थोरली ती दिसली.

"थोरली म्हंजे ही न्हवं?" त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं.

आबांचा चष्मा खिशात होता. "थोरली म्हंजे थोरली. आता तुला थोरली-धाकटी बी शिकवू व्हय?"

"तसं न्हवं पावणं. हिच्यात काय दिसंना, म्हणून इचारलं."

"जुना माल हाय त्यो, बसलाय तळाला. वत तू. माजा जन्म गेलाय वतण्यात."

कॉम्प्युटरनं इंग्रजीत शेवटचं विचारलं, धाकटीवरचं, म्हणजे माझ्यावरचं, सगळं जाईल, चालेल का. पृथ्वीराजनं न वाचता 'येस' दाबलं.

मला वाटलं होतं की दुखेल. दुखलं नाही. तिचं रिकामपण माझ्यात आलं. थोरलीकडं जे होतं ते तिनं धाकटीला दिलं.

मशिन चालू केलं तर काळी स्क्रीन. पृथ्वीराजचा चेहरा उतरला. "पावणं, नेमकी थोरली कुठली म्हणालता तुमी?"

तिथंच हात थांबवला असता तरी काही ना काही परत मिळालं असतं. हे नंतर एका जाणत्या माणसानं प्रसेनजीतला सांगितलं. पण थांबणं आबांना माहीत नाही. ते म्हणाले, "आता फॉरमॅट मार आन् विंडोज नव्यानं घाल. चालू झालं म्हंजे झालं." म्हणून पुसलेल्यावर पुन्हा लिहिलं, माझ्याच अंगावर.

घरी आणून त्यांनी डबा स्वतः टेबलावर मांडला. स्क्रीनवर निळं तळं आणि डोंगर.

"बघ. नव्यासारखं झालंय."

प्रसेनजीतनं एक फोल्डर उघडलं, मग दुसरं, मग बंद केलं. केबल अजून त्याच्या हातातच होती.

"आबा, तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

"तू सांगितलंस त्येच. थोरलीतनं धाकटीत."

"मी थोरली म्हणलोच न्हाय."

"जुनी म्हंजे थोरलीच की. कुनाला बी इचार."

भाऊसोनं पेपर खाली ठेवला. "आबा बरोबरच बोलल्यात. त्या पोरानं उलटं घेतलं."

ह्या घरात बोलायला बरोबर असलं की झालं. आबा बरोबर, बाप बरोबर, दुकानातला पोरगा चुकला, आणि तीन वर्षांचं काम कुठं गेलं हे कुणीच विचारलं नाही. मीनाबाईनं विचारलं असतं, पण ती चहा ठेवायला आत गेली.

पुढं प्रसेनजीतनं मला काढलं आणि नवीला बसवलं. आबा म्हणाले, "ही भंगारात दे." तो म्हणाला, "राहू दे." आबा संध्याकाळी येऊन नवीवर कुस्त्या बघतात. तिचा काही दोष नाही. कट्-कट् करत नाही, चांगली चालते.

मला काही मागायचं नाही, माझं झालं. पण ज्यांच्या घरात एखादा आबा आहे, त्यांना सांगते: आबांना कुणी अडवू शकत नाही, पण पोरगं फोन द्या म्हणालं तर द्यायला लावा. स्वतःच्या शब्दात सांगू नका म्हणावं. त्याचा शब्द त्याच्यासारखाच जाऊ दे.

सोमवारी प्रसेनजीत मशिन न घेताच शिरोलीला गेला. अनुजा मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पुन्हा काही केलंस की ये. पुढच्या महिन्यात तिथं दुसरा माणूस बसला. प्रसेनजीत पुन्हा डब्यासमोर बसला नाही. आबांनी ओळखीनं त्याला फौंड्रीत चिकटवला. दुसऱ्यांच्या पॅटर्नवर ओतलेल्या कास्टिंगच्या कडा तो ग्राइंडरनं घासतो.

त्याचं तीन वर्षांचं काम गेलं आणि मॅडमकडची नोकरी हातची गेली.