डाव्या नाकपुडीपुरता चमत्कार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर फुंकरबाबा एकेकाच्या नाकात ओला रुमाल पिळायचे, टाळूवर फुंकर घालायचे आणि गरजायचे, "कफ म्हणजे पापाचा चिकटा! पाप पसार, श्वास आरपार!" मग डोळे मिटून बसवायचे. थोड्या वेळात चोंदलेलं नाक मोकळं. टाळ्याच टाळ्या.

रांगेत माझ्यापुढे आई होती. तिला जुना दमा. बाबांकडून पहिल्यांदा आली तशी तिने दम्याचा पंप फेकून दिला. "मोकळी झाले गं मी!" तेव्हापासून ती जिना चढताना मध्येच बसते. भांडून भांडून मी थकले होते. आता काहीच वाटत नव्हतं.

कफाची औषधं दिल्यावर सुजलेल्या श्वासमार्गाच्या अस्तरात रक्तपुरवठा किती होतो, हे प्रयोगशाळेत मोजणं माझं काम. त्या दिवशी मला सर्दी होती. उजव्या नाकपुडीत मी कापसाचा बोळा घट्ट बसवला.

रुमाल पिळून झाला, फुंकर झाली. मी थोडी वाट पाहून बोळा काढला. डावी नाकपुडी मोकळी, उजवी चोंदलेलीच.

"बाबा, पाप उजवीकडेच का राहिलं?"

"श्रद्धा अर्धी, फळ अर्धं!"

"मग श्रद्धा बोळ्याला अडली म्हणायची."

लोक हसले. मागच्या बाईंना मी मोबाइलच्या उजेडात नाक बघायला लावलं.

"अगंबाई! उजवीकडे लालभडक, डावीकडे पांढुरकं!"

"साध्या पाण्याने असं होत नाही. या रुमालात सर्दीवर नाकात घालायचे औषधी थेंब आहेत. त्यांनी नाकाच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं, सूज उतरते. काही तासांनी पुन्हा तेच. द्या रुमाल, तपासून दाखवते."

बाबांनी रुमाल खिशात कोंबला.

"देवाचा आहे ना? मग लपवता कशाला?" कुणीतरी ओरडलं.

आई माझ्यावरच चिडली. "माझी छाती मोकळी झालीय!"

"हे थेंब नाकापुरते आहेत, आई. एका दमात म्हण बघू, बाबांनी माझी छाती मोकळी केली."

"बाबांनी माझी..." ती थांबली. छातीत शिट्टी वाजली. "...छाती..."

पुढचा शब्द आला नाही. आईने न बघता माझ्याकडे हात पसरला. नवा पंप माझ्या पर्समध्येच होता.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी तिचे श्वास मोजत राहिले.

बरं वाटलं की तुम्हीही स्वतःला एवढंच विचारा: नेमकं काय मोकळं झालं? आणि उत्तर मिळेपर्यंत आपलं औषध फेकू नका.