भुऱ्याची जात

पवनारच्या नदीकाठी जया आणि तिचा नवरा कैलास भाजीपाला पिकवायचे. त्यांच्या काळ्या कुत्रीच्या पिल्लांतलं एकच जगलं, भुऱ्या. पिवळे डोळे, लांब पाय. तो कधी भुंकला नाही. टेकडीकडे तोंड करून लांब हेल काढत रडायचा. बाप लांडगा असणार, असं गाव म्हणायचं. जयाला त्याचं काही नव्हतं. तिच्या ताटातली भाकर तो हक्कानं खायचा.

एका सकाळी शेजारच्या बंडूजीच्या शेळ्या नरडं फाडलेल्या सापडल्या. भुऱ्यानंच फाडल्या का, कोणी पाहिलं नव्हतं.

"लांडगा पोसून राह्यली तू!" बंडूजी रडत ओरडला. "दिवस बुडाच्या आत त्याले काढ, नाईतर आम्ही येतो."

जयानं वनखात्याला फोन लावला. वनपाल जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आले. डॉक्टरनं भुऱ्याचं रक्त काढलं.

"लांडगा असता तर आत्ताच नेला असता," वनपाल म्हणाले. "कुत्रा आमच्या अखत्यारीत येत नाही. हा मिश्र दिसतोय."

"मंग जंगलात सोडा."

"तिथे लांडग्यांत मिसळला तर त्यांचंच रक्त बिघडेल. आधीच थोडे उरलेत. रिपोर्ट येऊ द्या."

"तवरोक गाव थांबते काय? लांडगा लिहा ना, साहेब! जन्मभर पिंजऱ्यात ठेवा, पण जिता ठेवा!" तिनं त्यांचे पाय धरले.

"वरिष्ठांना विचारतो," म्हणत ते निघून गेले.

ऊन उतरलं तशी माणसं काठ्या घेऊन आली. जया भुऱ्याला घेऊन कांद्याच्या खोलीत शिरली, आतून कडी घातली. बाहेर कैलास दाराला पाठ लावून ओरडत होता, "कुत्रा हाय तो! घरचा हाय!"

पत्र्यावर काठ्या पडू लागल्या. भुऱ्या थरथरत होता. जयानं त्याला कवटाळलं, आणि भेदरलेल्या भुऱ्यानं तिचा हात चावून फोडला. दाबायला गेली तरी तिच्या तोंडून किंकाळी निघाली.

कैलासनं दार तोडलं. तिचं रक्त पाहिलं आणि कुणाच्या तरी हातातली काठी हिसकावली.

"मारू नका जी! माहीच चुकी हाय!" जया ओरडली.

भुऱ्या शेपूट हलवत कैलासकडेच येत होता.

दुसऱ्या दिवशी वनपाल पिंजरा घेऊन आले, तेव्हा कैलास भुऱ्याचा खड्डा बुजवत होता. परवानगी मिळाली होती.

"काल काऊन नाई आणला?" जयानं विचारलं. त्यांनी रिकामा पिंजरा परत गाडीत चढवला.

पुढे रिपोर्टचा फोन आला, तो कैलासनं घेतला. काय निघालं ते जयानं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.