फडक्याखालची शिट्टी

घशात काहीतरी अडकलंय असं पहिल्यांदा वाटलं, तेव्हा मी गप्प बसले. एवढंसं तर होतं, सोयाबीनचं एक पातळ सालपट. फेसाबरोबर वाफेच्या नळीतून वर आलं आणि तिथेच चिकटलं. माझा आवाज किंचित बसला, इतकंच. पण माझा स्वभाव आधीच धसका घेणारा. ओट्यावर चमचा पडला तरी मी दचकते. दिवसभर मनात तेच घोळत राहिलं: हे बरं नाही, हे काही बरं नाही.

मी कुकरची शिट्टी. बोलतेय म्हणायचं धाडस आज पहिल्यांदाच करतेय, कारण आजवर मी फक्त किंचाळत आले.

माझा जन्मच मारझोडीतला. धातूच्या कांबीचा तुकडा पाडला, यंत्रात आवळून गरगर फिरवला, पोटात भोक पाडलं. मग तपासणीच्या टेबलावर खालून वाफ सोडली. जी किंचाळली ती पास, जी गप्प राहिली ती भंगारात. आत दाब वाढला की तो मला उचलून आपटतो आणि मी ओरडते. माझं ओरडणं म्हणजे घराला निरोप असतो, की घाबरू नका, वाफ बाहेर पडतेय. माणसं मात्र नेमकं उलटं समजतात. मी ओरडले की यांच्या कपाळाला आठ्या!

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात चार माणसं. आई कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत बसते आणि कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते. बाबा टेम्पो चालवतात. बाबांची आई, म्हणजे आजी, बाहेरच्या पलंगावरून सगळ्यांवर लक्ष ठेवते. आणि आठ वर्षांची ठमी. खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त शाळेला माहीत.

ठमीच्या शाळेने मुलांना गोठा दाखवायला नेलं होतं. तिथे नुकतं जन्मलेलं वासरू गाईपासून ओढून नेताना तिने पाहिलं. संध्याकाळी घरी आली, समोर दुधाचा पेला आला आणि ती भडाभडा ओकली.

तिचं तोंड पुसता पुसता आई म्हणाली, “नको पिऊस. मीही सोडते. दूध, दही, तूप, अंडी, सगळं.”

“झालं!” बाबा म्हणाले. “एकीला उलटी, दुसरीला उपरती!”

“अगं, मग खायला उरलं काय? वारा?” आजीने पलंगावरून विचारलं.

“वारा चालेल हो. तो कुणाच्या लेकराच्या तोंडचा काढून आणलेला नसतो.”

आजी खुदकन हसली. बाबा नाही हसले. “एक महिना देतो,” ते म्हणाले. “पोरीचं वजन उतरलं, की हे खूळ बंद. मग नाक दाबून पाजीन तिला. तू मधे यायचं नाहीस.”

ठमी आईच्या मागे सरकली. आईचा हात मागे गेला आणि तिच्या मनगटाभोवती घट्ट बसला. ते मी झाकणावरून पाहिलं. त्या दिवसापासून त्या घरात कुणी नीट श्वास घेतलाय असं मला वाटत नाही.

वजन उतरू नये म्हणून आई जिवावर उदार होऊन राबायला लागली. सकाळी सोयाबीन, त्याचं दूध काढायला. दुपारी छोले. रात्री राजमा. दोन फोनांच्या मधे धावत यायची, भिजवलेलं कडधान्य कुकरमध्ये ओतायची, झाकण दणकन लावायची, मला खुपसायची आणि पळायची. आंघोळ, डबा, वेणी, गृहपाठ, पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचणं, यात नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का ते कोण बघणार? एकावर एक सालं बसत गेली. माझा आवाज घोगरा झाला.

बाबा तिसऱ्या आठवड्यात पेटले. दिवसभर गाडी चालवून आले, ताटात पुन्हा सोयाबीन बघितलं आणि ताट सरळ भिंतीवर फेकलं. रस्सा खाली ओघळत आला.

“मी माणूस आहे का बैल?” ते ओरडले. “पेंड खायला घालतेस?”

आई रडली नाही. तिने कुकर उचलला आणि ओट्यावर असा आदळला की त्याचा कान तडकला. माझ्या अंगातून झिणझिण्या गेल्या. “पुढचं ताट माझ्या डोक्यात घाला,” ती म्हणाली. “पण पोरीच्या अंगाला हात लावाल, तर हाच कुकर तुमच्या डोक्यात घालीन.”

ठमी दारात कानांवर हात ठेवून उभी होती. आजी म्हणाली, “अरे, शेजारी ऐकतायत.”

झाकणात माझ्या शेजारी एक छोटं बूच असतं, सेफ्टी व्हॉल्व्ह. मी हरले तर त्याने स्वतः फाटायचं आणि वाफेला वाट करून द्यायची, असा आमचा करार. ते बूच गळायला लागलं. आईने नवं आणायला सांगितलं. बाबांनी गाडीचा पत्रा बुजवायची लांबी घेतली आणि बोटाने त्यावर फासली. “घे, आयुष्यभर गळणार नाही.” चिडून केलं की विसरून, देव जाणे. लांबी वाळली, दगडासारखी झाली. मी किंचाळून सांगत होते, पण किंचाळण्याची भाषा कुणाला येते?

त्याच आठवड्यात फोनवरच्या एका गिऱ्हाइकाने आईला विचारलं, “बाई, तुमच्याकडे कोण किंकाळ्या मारतंय?” वरिष्ठांचा निरोप आला: पुन्हा घरातला आवाज ऐकू आला, तर उद्यापासून ऑफिसात येऊन बसा. ऑफिसात बसायचं म्हणजे घरी ठमीजवळ फक्त म्हातारी आजी. आणि जेवणाच्या वेळेला बाबा.

मग आईने एक ओलं फडकं घेतलं, चार घड्या केल्या आणि माझ्या तोंडावर टाकलं. पहिल्या वाफेला मी ते उडवून दिलं. तिने पुन्हा टाकलं आणि वर खलातला दगडी बत्ता ठेवला.

“गप्प बस गं बाई,” ती पुटपुटली. “एक आठवडा फक्त. मग हवं तेवढं ओरड.”

तिचा राग नाही येत मला. तिच्याही तोंडावर कुणीतरी फडकंच टाकलं होतं. पण तोंड दाबलं म्हणून आतला दाब कमी होत नाही, एवढं मला तिला सांगायचं होतं.

ठमीचं वजन करायचं होतं, त्याच्या आदल्या दुपारी आईने वेळ वाचवायला छोले आणि सोयाबीन एकत्रच घातले, गळ्यापर्यंत. झाकण, मी, फडकं, बत्ता. गॅस मोठा केला आणि आत जाऊन हेडफोन चढवले.

फेस उसळला. सालांचा एक लोंढा वर आला आणि नळी गच्च बंद झाली. मी उठायला गेले तर उठता येईना. कुकरच्या भिंती कुरकुरायला लागल्या. शेजारचं बूच त्या लांबीखाली तडफडत होतं. मी जीव एकवटला. फडक्याच्या कडेने कशीबशी एक फुसफूस निघाली, फुरसं फुत्कारावं तशी.

तेवढ्यात दार वाजलं. शाळेचं दप्तर पडलं. “आजी, भूक!” मग पावलं स्वयंपाकघरात. मग स्टूल ओढल्याचा आवाज. फडक्याखालून मला काही दिसत नव्हतं, पण स्टूल फरशीवरून खरडत खरडत येत होतं, आणि ते शेगडीशी येऊन थांबलं.

जा गं! जा ना! मी ओरडले. फुसफूसच निघाली.

मग सगळं फाटलं.

झाकण छतावर जाऊन आदळलं. ट्यूबलाइट फुटली, काचांचा पाऊस पडला. छोले छर्‍यांसारखे भिंतीत, डब्यांत, खिडकीच्या जाळीत घुसले. शेगडी मधोमध वाकली. बत्ता खिडकी फोडून बाहेर गेला. मी भिंतीवर, तिथून फ्रिजच्या दारावर आणि तिथून खाली फ्रिजखाली गेले. अंगाला पोचा आला. वर नुसती वाफ, पांढरी, उकळती, काही दिसू न देणारी.

सध्या मी इथेच आहे, फ्रिजखालच्या धुळीत. तुमच्या घरी माझी बहीण असेल, तर एक विनंती आहे. तिला उचला, नळी उजेडाकडे धरा, आरपार दिसेल तरच कुकर लावा. तिचं ओरडणं नकोसं वाटलं तर शिव्या द्या हवं तर, पण तिचं तोंड दाबू नका. आणि ती गप्प झाली, तर गॅस बंद करून बघायला या.

आई आली. अनवाणी. मला फक्त तिची पावलं दिसतात, उकळत्या छोल्यांवर आणि काचांवर पडणारी, न थांबणारी. हेडफोन तिने फेकलाय. तो दारात पडलाय आणि त्यातून एक बाई विचारतेय, “हॅलो? ऐकताय ना तुम्ही माझं?”

“गॅस! आधी गॅस बंद कर!” आजी बाहेरून ओरडतेय.

गॅस बंद झाला. स्टूल उलटं पडलंय, एक पाय मोडलाय. त्याच्याजवळ ठमीचा एक बूट आहे. एकच. आईची पावलं तिथे खिळली.

“ठमे!”

वाफ तेवढी सरकतेय.

“ठमे, ए बाळा! कुठेयस?”

छतावरून काहीतरी टपटप गळतंय. मी ओरडायला बघते. पण वाफ नाही, दाब नाही. मी नुसता एक थंड तुकडा आहे.

आई गुडघ्यांवर बसली. हातांनी वाफ बाजूला सारत तिने अशी हाक मारली, की जन्मभर किंचाळूनही मला तशी कधी जमली नव्हती.

“ठमेऽऽऽ!”

दाराबाहेर, आजीच्या पलंगाखाली काहीतरी हललं.

“ओ,” ठमी म्हणाली. “आई, ती फुसफुसत होती, म्हणून मी पळाले.”