बियाणं उंचावर

लाल नदीच्या काठी आमच्या भागात उंचवटा एकच, आणि तोही सरदार हाकच्या बापजाद्यांनी बळकावलेला. आम्ही खालच्या वाडीचे. पीक निघालं की सगळ्या वाडीचं बियाणं त्याच्या कोठारात नेऊन ठेवायचं, कारण आमच्याकडे ते भिजतं. मी दर वर्षी म्हणायची, "आपलं बी दुसऱ्याच्या घरात, म्हणजे आपली मान दुसऱ्याच्या हातात." माझा नवरा दोक हसायचा. "म्येन, तुला मेलीला सगळीकडे चोरच दिसतात."

दोक आमच्या बांधाचा राखणदार. ज्या वाडीचा बांध, तिच्याच माणसानं त्याला कुदळ लावायची, हा आमच्याकडे कडक नियम. परक्यानं लावली तर मुडदे पडतात. सरदारसुद्धा हे मोडत नाही.

त्या वर्षी भात पोटरीवर असताना नदी चढली. वर काशाचा ढोल वाजला. तो वाजला की घराघरातल्या गड्यानं मातीची पाटी घेऊन सरदाराच्या बांधावर धावायचं. दोकही गेला. आम्ही बायका आमच्या बांधावर माती थापत राहिलो. बांध धरून होता, पाण्याची काय बिशाद!

दुपारी दोक परतला. खांद्यावर कुदळ, मागे सरदाराची माणसं, तोंड उतरलेलं.

"पोरं घेऊन वर चला," तो म्हणाला. "बांध फोडायचाय."

"डोकं फिरलंय का तुमचं?" मी आडवी आले. "धडधाकट बांध फोडायचा?"

"वरचा टिकत नाही. तो गेला तर कोठारात पाणी. बी गेलं तर पुढच्या साली काय चिखल खायचा? इथून पाणी सोडलं की वरचा ताण उतरेल."

"कोठाराशी पाणी तुम्ही बघितलंत?"

"सरदारांनी सांगितलं."

"सांगितलं! आणि तुम्ही मुंडी हलवलीत!"

मी कुदळीचा दांडा धरला. त्यानं माझी बोटं हळूच सोडवली आणि पहिला घाव घातला. मी ऊर बडवून रडले. संध्याकाळपर्यंत आमची शेतं पाण्याखाली गेली.

पोरीला कडेवर घेऊन मी वर पोचले ती थेट कोठाराशी. वरच्या बांधावरची पाण्याची खूण कोठाराच्या उंबऱ्याच्या खाली, चांगली दोन पुरुष खाली होती. बियाण्याला कधी धोकाच नव्हता. वाचलं होतं ते सरदाराचं उभं भात.

दोकनंही ते बघितलं. एक म्हातारी त्याच्या पायाशी पचकन थुंकली. कुणीतरी सरदाराला जाब विचारला.

सरदार विडा चघळत म्हणाला, "मी तुमच्या बांधाला बोट तरी लावलंय का? कुदळ ज्यानं मारली त्याला विचारा."

सगळ्यांच्या नजरा दोकवर वळल्या.

"बी तुमचंच आहे, मिळेल," तो पुढे म्हणाला. "पण यापुढे खालच्या बांधाला कुदळ लागेल ती माझ्या हुकमानं. कबूल असेल त्यानं गुडघे टेकावेत आणि घेऊन जावं."

मी दोकचा दंड ओढला. "चला इथून! डोंगरात कंद खाऊन राहू, पण या मेल्यापुढे वाकायचं नाही!"

दोकनं पोरीकडे बघितलं आणि सगळ्यांत आधी तोच गुडघ्यांवर आला. मग एकेक करत वाडी टेकली. मी तेवढी उभी होते. पोरगी भुकेनं रडायला लागली, तेव्हा मीही टेकले.