बरणीची छत्री

वाइनसाठी द्राक्षं चिरडून मोठ्या काचेच्या बरणीत भरेपर्यंत छत्रीवाल्याचे हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते. बायको दाराला टेकून बघत होती.

“यंदा शेवटचं हं,” ती म्हणाली. “मागच्यासारखा व्हिनेगर झाला, तर वेल तोडायचा. त्याच्यापायी भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो मला.”

“अगं, मागच्या वेळी बरणी उघडी राहिली. चिलटं पडली आत. त्यात वेलाचा काय दोष?”

“दोष तुमचाच. पण तुम्हाला तोडता येत नाही ना!”

कुणाच्या तरी कुंपणाबाहेर पडलेली द्राक्षाची काडी त्याने उचलून आणून परसात लावली होती. ती अशी फोफावली की खिडकी कुठे होती हे हाताने चाचपून सांगावं लागे. तरी त्याचा त्या वेलावर जीव होता. काम नसलं की तो त्याच्याखाली जाऊन बसायचा.

तेव्हा यंदा झाकणात कसर ठेवायची नाही, असं त्याने ठरवलं. घरात कापडाला तोटा नव्हता. त्याने छत्रीचं उत्तम काळं कापड काढलं, बरणीच्या तोंडावर ताणलं आणि दुहेरी सुतळीने करकचून आवळलं.

“बरणीला पावसात पाठवताय की काय?” बायकोने विचारलं.

“थेंब जाणार नाही आत. चिलट तर लांबच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कापड मधोमध फुगलेलं. बोटाने दाबलं तर दबलं, बोट काढलं तर पुन्हा वर. त्याला भारी नवल वाटलं. बरणीला कान लावला. आत बारीक, एकसारखी सरसर चालली होती. जन्म छत्र्या दुरुस्त करण्यात गेला, पण छत्रीच्या आतून पाऊस त्याने पहिल्यांदाच ऐकला.

“अगं, इकडे ये. ऐक तर.”

“मला पोळपाट धुवायचाय,” ती म्हणाली. पण आली. कान लावला, आणि जरा जास्तच वेळ लावून ठेवला.

दुपारी तो बाहेरच्या खोलीत एका बाईंच्या छत्रीला नवी काडी बसवत होता. तेवढ्यात आतून फट् असा आवाज आला. धावत जाऊन बघतो, तर सुतळी निसटलेली, कापड कपाटावर जाऊन पडलेलं आणि वाळत घातलेल्या चादरीवर जांभळे ठिपके.

“झालं, बाळाचं पोट मोकळं झालं!” बायको म्हणाली. मग चादर बघितली आणि तिचं हसू गेलं.

बरणीवर चिलटं घिरट्या घालू लागली होती. त्याने घाईघाईने हातातला रुमाल बरणीच्या तोंडावर टाकला. आतून काहीतरी बाहेर पडतंय, हे आता दिसतच होतं. ते अडवलं तर झाकण उडणार. मोकळं सोडलं तर चिलटं आत, आणि वेल बाहेर.

बायकोने जुन्या मलमलीच्या ओढणीचा तुकडा पुढे केला. “हे बांधा सरळ.”

“चिलटं वर बसून राहतील त्याच्या. इतकं विरळ कापड, माझा भरवसा नाही.”

“मग काय, दार बसवणार बरणीला? आतल्यांनी बाहेर जायचं, बाहेरच्यांनी आत यायचं नाही?”

ती चिडवत होती, पण तो थबकला. फार वर्षांपूर्वी वाऱ्याच्या गावचा एक पोस्टमन त्याच्याकडे दुपदरी छत्री घेऊन आला होता. वरच्या पदराखाली फट होती. कापड उसवलंय असं समजून याने ती सगळीकडून बारीक टाक्यांनी शिवून दिली. पहिल्याच वाऱ्यात छत्री उलटी झाली आणि पोस्टमन तणतणत परत आला. “अहो, वाऱ्याला जायची वाट होती ती! तीच शिवलीत तुम्ही!”

छत्रीवाल्याने कात्री घेतली. काळ्या कापडाला मधोमध भोक पाडलं, त्यावर ओढणीची मलमल शिवली आणि त्यावर छत्रीच्या कापडाचीच एक लहान गोल टोपी चार ठिकाणी टाके घालून अडकवली. बाकी कडा मोकळ्या. हे झाकण बरणीवर बांधून दोघं बघत बसली.

बराच वेळ काही नाही. मग टोपीची एक कड हळूच उचलली गेली आणि खाली बसली.

“उचललं!” बायको म्हणाली. तिने स्टूल ओढून घेतलं. “थांबा, आता इकडची कड उचलेल बघा.”

तो रोज झाकण सोडून वर आलेली सालं लाकडी डावाने खाली ढकलायचा आणि पुन्हा बांधायचा. बायको येता-जाता बरणीपाशी थांबायची. एके सकाळी मात्र टोपी हललीच नाही.

“मेलं वाटतं,” तो घाबरून म्हणाला.

“गोड संपलं असेल आतलं. खायला उरलं नाही, तर कोण कशाला गडबड करील?”

तिचं खरं होतं. रस गाळून बाटल्यांत भरला, तेव्हा मात्र छत्रीवाला बूच नुसतं बाटलीच्या तोंडावर टेकवून ठेवू लागला. आता घट्ट लावायचं, तर याला उडण्याची धास्ती. शेवटी बायकोनेच एकेक बूच अंगठ्याने दाबून बसवलं.

रस निवळल्यावर पहिली बाटली उघडली. पहिला घोट तिने घेतला. तो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

“आंबट?”

“थोडं.” तिने आणखी एक घोट घेतला. “जरा तुरट. पण व्हिनेगर नाही हे.”

“मग वेलाचं काय?”

ती बाटली उजेडात धरून तळाशी बसलेला पांढुरका गाळ न्याहाळत होती.

“अहो, आत एवढं फसफसत होतं ते कोण? ते आता कुठे गेलं? हेच का ते, तळाशी?”

“असेल. मला ठाऊक नाही.”

“खिडकीपुढच्या फांद्या तेवढ्या काढा,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी नीट बघू.”